मुख्याध्यापकांची सेवापूर्ती : गौरव कसा करावा, काय टाळावे

मार्च-एप्रिल आला की माजी विद्यार्थ्यांची, शिक्षकांची आणि शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकांची साधारण एकाच प्रकारची विचारणा सुरू होते. आमचे सर या वर्षी निवृत्त होत आहेत, आमच्या बाई या वर्षी निवृत्त होत आहेत, कार्यक्रम मोठा करायचा आहे, पण नेमके काय करावे? थैली द्यावी की वस्तू? वर्गणी कुणाकडून घ्यावी? मानपत्र कुणी लिहावे? पाहुणे कोण बोलवावेत? शाळेत कार्यक्रम केला तर चालतो का?

आमचे मत आधीच सांगून टाकतो. तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरीचा गौरव करायचा असेल तर दोन कामे सर्वांत वर ठेवा. त्यांच्या पेन्शनची कागदपत्रे वेळेत पुढे सरकली पाहिजेत, आणि त्यांनी शाळेत केलेले काम पुराव्यानिशी लिहून झाले पाहिजे. शाल, श्रीफळ, हार, जेवण हे सगळे हवेच, पण या दोन कामांनंतर.

तारीख ठरवण्याआधी

महाराष्ट्रातल्या खासगी अनुदानित शाळांना १९८१ ची सेवाशर्ती नियमावली लागू आहे. तिच्यानुसार निवृत्तीचे वय ५८ वर्षे आहे आणि वयाची अठ्ठावन्न वर्षे ज्या महिन्यात पूर्ण होतात त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्ती होते. जन्मतारीख महिन्याची १ असेल तर आदल्या महिन्याच्या अखेरीस. जुन्या पिढीत शाळेत नाव घालताना गुरुजी १ जून ही तारीख सर्रास लिहीत, त्यामुळे आज ३१ मेला निवृत्त होणाऱ्या शिक्षकांची संख्या इतकी मोठी दिसते.

३१ मेला शाळेला सुट्टी असते. मुले आजोळी असतात, शिक्षक गावी असतात, मंगल कार्यालये लग्नांनी भरलेली असतात. म्हणून एकाच कार्यक्रमात सगळे कोंबू नका. मुलांचा निरोप एप्रिलमध्येच, शाळा भरलेली असताना, प्रार्थनेच्या वेळी किंवा दुपारच्या सत्रात घ्या. तो तासाभरात संपला तरी चालेल. ज्यांच्यासाठी सरांनी आयुष्य घातले ती मुले समोर नसतील तर निरोपाला अर्थ राहत नाही. माजी विद्यार्थ्यांचा मोठा कार्यक्रम नंतर सवडीने, जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर किंवा दिवाळीच्या सुट्टीत मुंबई-पुण्याची मंडळी गावी येतात तेव्हा करा.

सरकारी किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेतले मुख्याध्यापक असतील तर तारखेकडे आणखी एका कारणासाठी पाहा. नोकरीत असलेल्या शासकीय कर्मचाऱ्याने जाहीर सत्कार किंवा मौल्यवान भेटी स्वीकारण्यावर वर्तणूक नियमांची बंधने असतात. निवृत्तीच्या वेळी सहकाऱ्यांनी दिलेला घरगुती स्वरूपाचा निरोप त्यांत बसतो. भव्य जाहीर समारंभ आणि थैली मात्र निवृत्तीच्या तारखेनंतर ठेवलेली बरी. सत्कारमूर्तींना शेवटच्या महिन्यात नोटीस यावी असे कुणालाच वाटत नाही.

त्यांना विचारल्याशिवाय काही ठरवू नका

ही पायरी सर्वांत जास्त वेळा गाळली जाते. समिती बनते, वर्गणी सुरू होते, पत्रिका छापायला जाते आणि मग सरांना कळवले जाते. त्यांना नाही म्हणण्याचा पूर्ण हक्क आहे. काहींना जाहीर स्तुती खरोखरच सहन होत नाही, काहींच्या घरी आजारपण असते, काहींना संस्थेतल्या जुन्या वादामुळे ठरावीक माणसांसोबत व्यासपीठावर बसायचे नसते. दोन ज्येष्ठ माजी विद्यार्थ्यांनी घरी जाऊन शांतपणे बोलावे. विचारायचे ते असे:

- कार्यक्रम हवा का, आणि हवा असल्यास घरगुती की जाहीर?
- घरचे कोण-कोण असावेत? त्यांच्या सोयीची वेळ कोणती?
- कुणाला बोलवायलाच हवे? (पहिल्या शाळेतले सहकारी, निवृत्त शिपाई, जुने लिपिक ही नावे इथेच मिळतात.)
- भेट स्वीकारायची आहे का, की ती रक्कम शाळेच्या कामाला लागावी?
- कुठल्या गोष्टींचा उल्लेख नको?

शेवटचा प्रश्न संकोच न करता विचारा. कोर्टात गेलेली सेवाज्येष्ठता, वादग्रस्त बदली, मुलाचे अकाली जाणे, अशा गोष्टी एखादा वक्ता भावनेच्या भरात माइकवरून बोलून जातो आणि सगळ्या समारंभाचा रंग उतरतो.

पहिला सत्कार सेवापुस्तकाचा

शाळेतल्या प्रत्येक शिक्षकाचे पेन्शन प्रकरण मुख्याध्यापक स्वतः लक्ष घालून तयार करतात. त्यांच्या स्वतःच्या प्रकरणाला मात्र संस्थेच्या पदाधिकाऱ्यांच्या सह्या लागतात आणि ते संकोचापोटी कुणाच्या मागे लागत नाहीत. परिणाम असा की निरोपाचे हार सुकतात आणि पेन्शनची फाइल शाळेच्याच कपाटात असते. तुम्ही संस्थेचे पदाधिकारी असाल तर तुमच्याकडून होणारा खरा गौरव इथे आहे. सहकारी शिक्षक किंवा लिपिक असाल तर निदान आठवण करून देणे तुमच्या हातात आहे.

अनुदानित माध्यमिक शाळेचे प्रकरण शाळेतून शिक्षण विभागामार्फत महालेखापाल कार्यालयाकडे जाते, मुंबईला किंवा नागपूरला. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांचे प्रकरण जिल्हा परिषदेच्या पातळीवर चालते. दोन्हीकडे काम निवृत्तीच्या महिन्यात सुरू करून भागत नाही. किमान सहा महिने आधी, आणि जमल्यास वर्ष-दोन वर्षे आधी, पुढील गोष्टी तपासायला घ्या:

- मूळ सेवापुस्तक हातात आहे का, प्रत्येक वर्षाच्या सेवा पडताळणीची नोंद आणि सही आहे का.
- पहिल्या नेमणुकीपासूनच्या वैयक्तिक मान्यतांचे आदेश, मुख्याध्यापकपदाच्या मान्यतेसह.
- वेतन आयोगांच्या वेळच्या वेतननिश्चितीची पडताळणी झालेली आहे का. सर्वाधिक आक्षेप इथेच निघतात.
- सेवापुस्तक, आधार, पॅन आणि बँक खाते यांवरील नाव सारखे आहे का. लग्नानंतर नाव बदललेल्या बाईंच्या बाबतीत राजपत्राची प्रत जोडलेली आहे का.
- भविष्य निर्वाह निधीचा शेवटचा हिशेब, नामनिर्देशन, पती-पत्नीचे एकत्रित छायाचित्र, ना-देय प्रमाणपत्र.

नेमणुकीची तारीखही पाहून ठेवा. १ नोव्हेंबर २००५ पूर्वी नेमणूक झालेल्यांना जुनी पेन्शन योजना लागू आहे. त्या वेळी शाळा पूर्ण अनुदानावर नव्हती अशी ज्यांची स्थिती आहे त्यांच्यापुढे अडचणी आल्या आहेत. तसे असेल तर अनुदानाचे आदेश आतापासून जमवा आणि जाणकाराचा सल्ला घ्या.

कार्यभार हस्तांतर हा याचाच दुसरा भाग आहे. जनरल रजिस्टर, जडसंग्रह नोंदवही, पोषण आहाराचा धान्यसाठा, बँक खात्यांवरील सह्या हे सगळे यादी करून, दोघांच्या सहीने सोपवले गेले पाहिजे. आजकाल एक नवी अडचण येते. यू-डायस, शालार्थ यांसारख्या प्रणाली जुन्या मुख्याध्यापकांच्या मोबाइल क्रमांकाला जोडलेल्या असतात आणि निवृत्तीनंतर वर्षभर त्यांना ओटीपी सांगायला फोन जात राहतात. हे क्रमांक शेवटच्या आठवड्यातच बदलून घ्या. निवृत्त माणसाची दुपार त्याची असू द्या.

मानपत्र : एकाच माणसाला लागू पडेल असे लिहा

बहुतेक मानपत्रे नाव बदलून दुसऱ्या कुणालाही देता येतात. ज्ञानाचा दीपस्तंभ, शिस्तप्रिय, मनमिळाऊ, विद्यार्थ्यांचे दैवत, अजातशत्रू. हे शब्द खोटे नसतात, पण त्यांतून त्या माणसाविषयी काहीच कळत नाही. ज्या मुख्याध्यापकांनी आयुष्यभर मुलांच्या निबंधातली पोपटपंची लाल शाईने खोडली, त्यांना तीच वाक्ये चौकटीत घालून देऊ नका.

आधी माहिती जमवा. ती कुठे मिळते ते सांगतो. जनरल रजिस्टरवरून पटसंख्या कशी वाढली किंवा टिकली ते कळते. दहावीच्या निकालाचे तक्ते कार्यालयात असतात. सूचनावही आणि सभावृत्तान्तांत निर्णय सापडतात: कोणत्या वर्षी ग्रंथालयाची खोली झाली, कधी मुलींसाठी स्वच्छतागृह बांधले, कधी सहलीची वर्गणी न भरू शकणाऱ्या मुलांची सोय केली. वार्षिक अंकांमध्ये त्यांचे स्वतःचे लेखन असते. आणि माणसांना विचारा. शिपायाला विचारा, कारण शाळा कुलूपबंद झाल्यावर मुख्याध्यापक काय करत असत हे फक्त त्याला ठाऊक असते. नापास होऊन पुन्हा बसलेल्या मुलाला विचारा. पहिल्या आलेल्या मुलापेक्षा त्याची आठवण बहुधा अधिक मोलाची निघते.

एक नमुना देतो, वस्तुस्थिती तुमच्या शाळेची घाला.

असे नको: “सरांनी गोरगरीब विद्यार्थ्यांना सदैव मदतीचा हात दिला.”

असे लिहा: “ऊसतोडीला जाणाऱ्या आई-वडिलांबरोबर दिवाळीनंतर शाळा सोडणारी मुले मार्चमध्ये परीक्षेला परत यावीत म्हणून सरांनी त्यांना गावातल्या नातेवाइकांकडे ठेवण्याची व्यवस्था घरोघर जाऊन केली. त्यांतल्या चौघी आज शिक्षिका आहेत.”

दुसरे वाक्य वाचताना सभागृहातल्या त्या चौघी मान वर करतील. मानपत्राचे काम एवढेच आहे.

काही व्यावहारिक सूचना:

- साडेतीनशे-चारशे शब्दांपेक्षा मोठे नको. वाचायला तीन-चार मिनिटे पुरतात.
- लिहिणारा एकच असावा, तपासणारे दोघे. समितीने मिळून लिहिलेल्या मानपत्राला कुणाचाच आवाज नसतो.
- प्रत्येक वर्ष, पद, पदवी सेवापुस्तकाशी ताडून पाहा. चुकीचे साल चौकटीत कायमचे राहते.
- शुद्धलेखन मराठीच्या शिक्षकांकडून तपासून घ्या. भाषा शिकवणाऱ्या माणसाच्या हाती अशुद्ध मानपत्र देणे हा अपमान आहे.
- नोकरीच्या सुरुवातीच्या शाळा विसरू नका. मुख्याध्यापकपद शेवटच्या काही वर्षांचे असते, त्याआधीची वीस-पंचवीस वर्षे वर्गातली असतात.

गौरविका किंवा छोटे पुस्तक काढायचे असेल तर तीन-चार महिने हाताशी हवेत. छपाईत एक फॉर्म साधारण सोळा पानांचा धरतात, त्यामुळे पानसंख्या सोळाच्या पटीत बसवली तर कागद वाया जात नाही. पुस्तक विक्रीला किंवा ग्रंथालयात जाणार असेल तर आयएसबीएन क्रमांक भारतात विनाशुल्क मिळतो, त्यासाठी दलालाला पैसे देऊ नका. जाहिरातींनी अर्धी गौरविका भरून टाकण्याचा मोह आवरा. वीस पाने, पण सगळी त्यांच्या कामाची, हे शंभर रंगीत पानांपेक्षा चांगले.

आणि छापील गोष्टीपेक्षाही अधिक उपयोगाचे एक काम सुचवतो. मोबाइल घेऊन दोन-तीन बैठकांत त्यांच्याशी बोला आणि ध्वनिमुद्रण करा. रुजू झाले तेव्हा गाव कसे होते, शाळेला रस्ता होता का, पहिला पगार हातात कसा मिळाला, शिक्षा करण्याविषयीचे त्यांचे मत काळानुसार बदलले का, कोणता विद्यार्थी हातचा निसटला. त्यांची संमती घ्या, ते वगळा म्हणतील ते वगळा, आणि एक प्रत शाळेच्या ग्रंथालयात, एक कुटुंबाकडे, एक माजी विद्यार्थी संघाकडे ठेवा. गावच्या शिक्षणाचा इतिहास बऱ्याच ठिकाणी फक्त अशाच माणसांच्या आठवणीत शिल्लक आहे.

वर्गणी आणि थैली

आजच्या विद्यार्थ्यांकडून वर्गणी घेऊ नका. मंजूर शुल्काव्यतिरिक्त शाळेने सक्तीने पैसे मागणे गैर आहे, आणि वर्गशिक्षकांनी यादी करून मागितलेली “ऐच्छिक” रक्कम पालकांना सक्तीचीच वाटते. तुम्ही पालक असाल आणि अशी मागणी आली तर नकार देण्याचा तुम्हाला हक्क आहे, त्याचा परिणाम मुलावर होता कामा नये. शिक्षकांच्या पगारातूनही परस्पर कपात नको.

माजी विद्यार्थ्यांच्या वर्गणीला किमान आकडा ठरवू नका. देणगीदारांची यादी रकमेच्या क्रमाने छापू नका, वाचूनही दाखवू नका. शेतमजुरी करणाऱ्या जुन्या विद्यार्थ्याने दिलेले शंभर रुपये आणि परदेशातून आलेले पन्नास हजार एका ओळीत, आडनावांच्या अकारविल्हेने यावेत.

पैसे कुठल्या खात्यात येतात हे पहिल्या दिवशी ठरवा. माजी विद्यार्थी संघ नोंदणीकृत असेल तर त्याचे खाते वापरा. नसेल तर दोघांच्या सहीचे वेगळे बचत खाते उघडा. सत्कारमूर्तींच्या खात्यात थेट वर्गणी गोळा करू नका आणि एकाच उत्साही कार्यकर्त्याच्या यूपीआयवरही नको. कार्यक्रमानंतर पंधरा दिवसांत जमाखर्च सर्वांना पाठवा.

थैली देणार असाल तर करनियम माहीत हवेत:

- नातेवाईक नसलेल्यांकडून एका आर्थिक वर्षात मिळालेल्या रकमेची बेरीज ५०,००० रुपयांच्या वर गेली तर सगळी रक्कम त्यांच्या उत्पन्नात धरली जाते, फक्त वरची नव्हे. लग्नाच्या आहेराला सूट आहे, निवृत्तीच्या भेटीला नाही.
- सोन्याचे दागिनेही याच पद्धतीने, बाजारभावाने मोजले जातात.
- एका प्रसंगी एकाच व्यक्तीकडून किंवा समितीकडून दोन लाख रुपये किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारता येत नाहीत. स्वीकारणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. मोठी रक्कम धनादेशाने किंवा बँकेतून द्या.

१९१६ साली लोकमान्य टिळकांना साठाव्या वाढदिवशी लाख रुपयांची थैली अर्पण झाली आणि त्यांनी ती राष्ट्रकार्याला दिली. तेव्हापासून थैली घेतली की ती व्यासपीठावरच परत द्यावी, अशी एक न बोललेली अपेक्षा आपल्याकडे रूढ झाली आहे. कृपा करून ती कुणावर लादू नका. निवृत्त मुख्याध्यापकांच्या घरी कर्ज असू शकते, मुलीचे शिक्षण चालू असू शकते. दिलेली भेट त्यांची आहे. शाळेसाठी निधी हवा असेल तर तो वेगळा, उघडपणे, शाळेच्या नावाने गोळा करा.

त्यांच्या नावाने काही कायम ठेवायचे असेल तर

आपल्या शाळांतली सर्वांत टिकाऊ पद्धत म्हणजे कायम ठेव आणि तिच्या व्याजातून दर वर्षी पारितोषिक. समजा एक लाख रुपयांची ठेव आहे आणि व्याजदर ६.५ टक्के आहे, तर वर्षाला ६,५०० रुपये येतात. त्यात दोन-तीन मुलांना पुस्तके देता येतात. ठेव संस्थेच्या नावाने राहील, तेव्हा संस्थेकडून लेखी ठराव घ्या: मुद्दल मोडायचे नाही, पारितोषिक कोणाला, व्याजदर घटला तर काय करायचे, शाळा बंद झाली किंवा विलीन झाली तर रक्कम कुठे जाईल. रीतसर पावती घ्या. संस्थेला ८०जी मान्यता असेल तर जुनी करप्रणाली घेणाऱ्यांना सवलत मिळते, पण २,००० रुपयांवरील रोख देणगीला मिळत नाही.

पारितोषिक पहिल्या क्रमांकालाच असावे असे नाही. सर गणित शिकवत असतील तर सहामाहीपेक्षा वार्षिक परीक्षेत गणितात सर्वाधिक प्रगती केलेल्या मुलाला ते द्या. बाईंनी वाचनाची गोडी लावली असेल तर ग्रंथालयाला दर वर्षी पुस्तके द्या. त्यांनी जे केले तेच पुढे चालू राहिले पाहिजे.

सभागृहाला किंवा प्रवेशद्वाराला नाव देण्याचा निर्णय संस्थेचा असतो, जिल्हा परिषदेच्या शाळेत तर परवानगीशिवाय फलक लावताच येत नाही. फलक आधी आणि परवानगी नंतर असे करू नका, तो उतरवण्याची वेळ आली तर त्रास त्यांनाच होईल.

कार्यक्रमाच्या दिवशी

दोन तासांची मर्यादा घाला आणि पाळा. पाच वक्ते पुरेत: एक जुना सहकारी, एक शिक्षकेतर कर्मचारी, जुन्या आणि नव्या तुकडीतला एकेक विद्यार्थी, आणि एक प्रमुख पाहुणे. प्रत्येकाला आधी सांगा की एकच प्रसंग सांगायचा आहे. लोकप्रतिनिधींना बोलवायचे असेल तर निवडणूक आचारसंहिता लागू आहे का ते पाहा. त्यांच्या येण्याची वाट पाहत सत्कारमूर्तींना आणि मुलांना ताटकळत ठेवू नका, ठरल्या वेळी सुरू करा. उघड्यावर ध्वनिक्षेपक लावणार असाल तर पोलीस ठाण्याची परवानगी घ्या, रात्री दहानंतर तो बंद हवा.

सत्कारमूर्तींचे भाषण कार्यक्रमाच्या शेवटी, लोक जेवणाकडे वळलेले असताना ठेवले जाते. ते मध्यावर, सगळे ताजेतवाने असताना ठेवा. जोडीदाराचा सत्कार शाल देऊन उरकू नका, बोलायची इच्छा असेल तर त्यांनाही माइक द्या. वृद्ध शिक्षकांसाठी पुढची रांग, पाणी आणि परतीचे वाहन यांची जबाबदारी एका माणसावर सोपवा. शेकडो हार आणि पुष्पगुच्छ घरी नेऊन टाकून द्यावे लागतात. पत्रिकेतच लिहा की फुलांऐवजी शाळेच्या ग्रंथालयासाठी एक पुस्तक आणावे.

कार्यक्रम संपल्यानंतर

पेन्शन वेळेत सुरू झाली नाही तर स्वस्थ बसू नका. अंतिम मंजुरीला उशीर होत असेल तर तात्पुरत्या निवृत्तिवेतनाची तरतूद नियमांत आहे, तिच्यासाठी लेखी अर्ज करता येतो. प्रकरण कुठे आणि कुठल्या त्रुटीमुळे अडले आहे हे माहिती अधिकार कायद्याखाली विचारता येते, उत्तर ३० दिवसांत मिळायला हवे. अर्ज सरांच्या नावाने असला तरी मसुदा करणे, टपालात टाकणे, कार्यालयात सोबत जाणे ही कामे त्यांचे वकील, लेखापाल, अधिकारी झालेले विद्यार्थी करू शकतात.

या वर्षी तुमच्या शाळेतून कुणी निवृत्त होत असेल तर समितीच्या पहिल्या बैठकीत, सभागृह आणि जेवणाच्या आधी, एकच विषय घ्या: सेवापुस्तक पूर्ण आहे का आणि पेन्शनचे प्रकरण कुठे पोहोचले आहे. त्याचे उत्तर लेखी मिळेपर्यंत पत्रिका छापायला देऊ नका.